बेटाचे बंदर : जमैकातील किंगस्टनचा अनुभव

चारी बाजूंनी समुद्राने वेढलेल्या छोट्या देशाचा सगळा संसार बंदरावर चालतो. कॅरिबियन समुद्रातील जमैका हे बेट सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहून किंचित मोठे आहे. लोकसंख्याही सुमारे २८ लाख, म्हणजे जवळपास सातारा जिल्ह्याइतकीच. या बेटावर गहू पिकत नाही, खनिज तेल निघत नाही, मोटारी तयार होत नाहीत. पावासाठी लागणारा गहू, वीजनिर्मितीचे इंधन, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, शाळेच्या वह्यांचा कागद असे बहुतेक सर्व काही जहाजाने यावे लागते. बॉक्साइट, ॲल्युमिना, साखर, कॉफी, रम हा जो माल परदेशी जातो, त्याचाही मोठा भाग जहाजानेच जातो. साताऱ्यात एखादा घाट दरड कोसळून बंद पडला तर माल दुसऱ्या वाटेने आणता येतो. बेटाला अशी दुसरी वाट नसते.

मराठी वाचकाला जमैकाची राजधानी किंगस्टन बहुधा क्रिकेटमुळे परिचित असते. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेला असता दिलीप सरदेसाई यांनी पहिल्या कसोटीत २१२ धावा काढल्या, त्या याच शहरातील सबायना पार्क मैदानावर. शहराच्या दक्षिण कडेला असलेल्या बंदराकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः त्या बंदराचा गेल्या पन्नास वर्षांतील कारभार अभ्यासण्याजोगा आहे. तेथे एकाच पाण्यावर दोन निरनिराळी बंदरे नांदतात. एक बेटाच्या स्वतःच्या मालाचे, आणि दुसरे जमैकाशी काहीही संबंध नसलेल्या परक्या मालाचे. दुसऱ्याचा पसारा पहिल्याच्या कित्येक पट आहे. परक्या मालावर मोठे झालेले बंदर बेटाच्या उपयोगी कसे ठेवावयाचे, हा किंगस्टनच्या प्रशासकांपुढील खरा प्रश्न होय.

निसर्गाने दिलेले पाणी

किंगस्टनचे बंदर नैसर्गिक आहे आणि जगातील मोठ्या नैसर्गिक बंदरांत त्याची गणना होते. शहराच्या दक्षिणेस पॅलिसेडोज नावाची वाळू व दगडगोट्यांची एक चिंचोळी पट्टी पूर्वेकडून पश्चिमेकडे समुद्रात लांबवर गेली आहे. या पट्टीच्या आडोशाला विस्तीर्ण आणि शांत पाणी आहे. बाहेरच्या समुद्रातील लाटा आत पोहोचत नसल्यामुळे लाटा अडविण्यासाठी बांध घालण्याचा प्रचंड खर्च येथे करावा लागला नाही.

पट्टीच्या पश्चिम टोकावर पोर्ट रॉयल हे गाव आहे. सतराव्या शतकात ते इंग्रजांचे भरभराटीचे व्यापारी ठाणे होते. ७ जून १६९२ रोजी झालेल्या भूकंपात वाळूवर उभारलेल्या या शहराचा मोठा भाग काही मिनिटांत समुद्रात गेला. वाचलेल्या लोकांसाठी समोरच्या किनाऱ्यावर जी वसाहत आखण्यात आली, ती किंगस्टन. १८७२ मध्ये तेथे राजधानी आली. पुढे जानेवारी १९०७ मध्ये पुन्हा मोठा भूकंप होऊन शहराला आग लागली. भरावाच्या जमिनीवर धक्के बांधणाऱ्या अभियंत्यांना येथे भूकंपाचा विचार बाजूस ठेवता येत नाही, तो या इतिहासामुळे.

किंगस्टनला भरती-ओहोटीतील फरक अर्ध्या मीटरहूनही कमी असतो. मुंबईला हा फरक उधाणाच्या वेळी चार-पाच मीटरपर्यंत जातो. मुंबईत १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक बांधताना पाणी अडवून धरणाऱ्या दरवाजांची योजना करावी लागली, ती या भरतीमुळेच. किंगस्टनमध्ये जहाज दिवसाच्या कोणत्याही प्रहरी साध्या धक्क्याला लागू शकते. वेळापत्रकावर चालणाऱ्या आजच्या जहाजवाहतुकीत ही फार मोठी सोय आहे. अर्थात या देणगीला दुसरी बाजूही आहे. भरती-ओहोटीचा जोर नसल्याने आतले पाणी सहजी बदलत नाही आणि शहराची घाण आतच साचून राहते.

खाजगी धक्क्यांचा काळ

या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, किंगस्टनमध्ये हाताच्या बोटांसारखे पाण्यात शिरलेले अनेक अरुंद धक्के होते. ते निरनिराळ्या व्यापारी पेढ्यांच्या मालकीचे असत. प्रत्येक धक्क्याची वखार वेगळी, मजुरांची टोळी वेगळी आणि दरही वेगळे. साखर व रम यांच्या जोडीला १८७० नंतर केळ्यांचा व्यापार वाढला. लोरेन्झो डाऊ बेकर या अमेरिकन जहाजमालकाने त्या वर्षी जमैकातून केळी नेऊन अमेरिकेत विकली आणि पुढे हा व्यापार इतका फोफावला की उत्तर किनाऱ्यावरील पोर्ट अँटोनियोसारखी छोटी बंदरेही त्यावर गजबजली. केळ्यांचे घड डोक्यावरून वाहून जहाजात भरणाऱ्या स्त्री-पुरुषांना मजुरी घडांच्या मोजणीवर मिळे. जहाज आले नाही तर त्या दिवशी काम नाही आणि पैसाही नाही.

मे १९३८ मध्ये किंगस्टनच्या गोदी कामगारांनी संप केला. बेटावर त्याआधीच ऊसमळ्यांतील मजुरांचा उद्रेक झाला होता. गोदीच्या संपामुळे राजधानीच ठप्प झाली. कामगारांचे नेते अलेक्झांडर बुस्टामांटे यांना अटक झाली, काही दिवसांतच त्यांची सुटका करावी लागली, आणि त्यांच्या नावाची कामगार संघटना त्याच वर्षी उभी राहिली. पुढे हेच बुस्टामांटे १९६२ मध्ये स्वतंत्र जमैकाचे पहिले पंतप्रधान झाले. धक्क्यावरील मजुरीच्या प्रश्नातून देशाचे राजकारण घडल्याचे हे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळ नसले तरी इतके स्पष्ट क्वचितच आढळते. संपानंतर वर्षभरात, १९३९ मध्ये, जहाज कंपन्यांचे दलाल व धक्केमालक यांनीही आपला संघ स्थापन केला. १९५० च्या दशकात मालक व कामगार संघटना यांचे संयुक्त मंडळ आले आणि मजुरीचे तंटे तेथे सुटू लागले. नंतर कंटेनर आले व हमालांची गरज झपाट्याने घटली, तेव्हा ही बसलेली घडी कामी आली.

जुने धक्के नव्या जहाजांना पुरेनासे झाले होते. त्यांच्या मागे शहर दाटीवाटीने वसलेले असल्यामुळे माल ठेवावयास जागा नव्हती आणि पाण्याची खोलीही अपुरी होती. १९६० च्या दशकात शहराच्या पश्चिमेस समुद्रात भराव घालून न्यूपोर्ट वेस्ट हा नवा मालधक्का तयार करण्यात आला. १९४५ मध्ये स्थापन झालेली किंगस्टन व्हार्व्हज ही कंपनी तेथे गेली. जुने धक्के पाडून त्या जागी शहराचा नवा किनारा विकसित करण्याचे काम १९६८ मध्ये स्थापन झालेल्या नगरविकास महामंडळाकडे सोपविण्यात आले.

एकछत्री कारभार

१९७२ मध्ये कायदा करून जमैका बंदर प्राधिकरण स्थापन करण्यात आले. किनाऱ्यावरील सर्व बंदरांचे नियमन व विकास ही त्याची जबाबदारी. जहाज वाट दाखवून आत आणणारे नाविक, ओढबोटी, जलमार्गावरील खुणा, खाडीतील खोली, सार्वजनिक धक्क्यांवरील दरांवर देखरेख हे सर्व त्याच्याकडे आले. बेटाच्या पूर्व टोकावरील मोरंट पॉइंटचा ओतीव लोखंडाचा दीपस्तंभ १८४१ मधला आहे. असे जुने दीपस्तंभ पेटते ठेवणे हेही प्राधिकरणाचेच काम.

स्थापनेनंतर तीनच वर्षांत प्राधिकरणाने एक धाडसी पाऊल उचलले. १९७५ मध्ये न्यूपोर्ट वेस्टच्या शेजारी, भरावाच्या जमिनीवर, मालाच्या जहाजबदलीसाठी स्वतंत्र कंटेनर टर्मिनल सुरू करण्यात आले. १९७३ च्या तेलसंकटाने बेटाचे कंबरडे मोडले असताना हे काम हाती घेतले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील धाडस कळते.

जहाजबदली म्हणजे काय, हे आपल्याकडील उदाहरणाने सहज स्पष्ट होईल. भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या कंटेनरांपैकी बऱ्याच पेट्या वर्षानुवर्षे लहान जहाजाने कोलंबोला जात आणि तेथे मोठ्या जहाजावर चढविल्या जात. हा माल आपल्याच किनाऱ्यावर राहावा, या हेतूने केरळमध्ये विळिंजम बंदर बांधले गेले व तेथे २०२४ मध्ये पहिले मोठे कंटेनर जहाज लागले. कोलंबोचे जे स्थान हिंदी महासागरात, तेच किंगस्टनचे कॅरिबियन समुद्रात आहे. पनामा कालवा ओलांडून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जाणारी जहाजे क्यूबा व हैती यांच्यामधील विंडवर्ड सामुद्रधुनीतून जातात आणि त्या वाटेवर जमैका अगदी बाजूलाच येते. चीनहून निघालेल्या अजस्र जहाजाला हैती, बार्बाडोस, गयाना, होंडुरास अशा ठिकाणी दोन-दोनशे पेट्यांसाठी थांबणे परवडत नाही. ते सर्व पेट्या किंगस्टनला उतरवते आणि लहान जहाजे त्या बेटोबेटी पोहोचवतात.

परक्या पेट्यांचा व्यापार

किंगस्टनमध्ये हाताळल्या जाणाऱ्या कंटेनरांची संख्या अलीकडे वर्षाला वीस फुटी मापाच्या पंधरा ते वीस लाखांच्या आसपास असते आणि त्यातील बहुसंख्य पेट्या जमैकाच्या नसतात. त्या कधी उघडल्या जात नाहीत, त्यांच्यावर जकात बसत नाही, त्यांतील माल बेटावरील दुकानात येत नाही. तेव्हा बेटाला त्यांचा उपयोग काय, असा प्रश्न साहजिकच पडतो.

एक उपयोग उघड आहे. अशी पेटी दोनदा उचलली जाते, एकदा उतरविताना आणि एकदा चढविताना. तेवढे भाडे, तेवढी मजुरी, शिवाय जहाजाला लागणारी दुरुस्ती, पाणी, रसद व इतर सेवा. दुसरा उपयोग डोळ्यांना दिसत नाही, परंतु तो अधिक मोलाचा आहे. अठ्ठावीस लाख वस्तीच्या बेटाला केवळ स्वतःच्या मालाच्या बळावर आठवड्यात अनेक खंडांशी जोडणाऱ्या जहाजसेवा कधीच मिळाल्या नसत्या, की त्याच्यासाठी कोणी इतका खोल जलमार्गही खणला नसता. परक्या मालासाठी येणाऱ्या जहाजांतच जमैकाच्या कारखानदाराचा कच्चा माल येतो आणि त्यांतूनच शेतकऱ्याचा सुरण व आले न्यूयॉर्क-लंडनकडे रवाना होते. एस. टी. बस तालुक्याच्या दोन मोठ्या गावांमुळे धावते, पण वाटेवरच्या वाडीलाही थांबा मिळतो, त्यातलाच हा प्रकार.

तथापि वाडीतल्या लोकांना बसचा मार्ग ठरविता येत नाही. जहाजबदलीचा माल हा फार चंचल असतो. जहाज कंपनीने दुसऱ्या कंपनीशी हातमिळवणी केली, एखाद्या शेजारी बंदराने दर उतरविले किंवा मोठी यारी बसविली, की लाखभर पेट्या एका हंगामात दुसरीकडे वळतात. किंगस्टनचे शेजारीही सामान्य नाहीत. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर १९९५ मध्ये मांझानियो टर्मिनल उघडले, बहामातील फ्रीपोर्ट १९९७ मध्ये, डोमिनिकन प्रजासत्ताकातील कॉसेडो २००३ मध्ये, क्यूबातील मारिएल २०१४ मध्ये. कोलंबियातील कार्ताहेना आहेच. आणि २६ जून २०१६ रोजी पनामा कालव्याचे नवे, रुंद दरवाजे उघडले. त्यापूर्वी साधारण पाच हजार पेट्यांचे जहाज कालव्यातून जाई. नव्या दरवाजांतून तेरा-चौदा हजार पेट्यांची जहाजे जाऊ लागली. ज्या बंदराचे पाणी या जहाजांना पुरेसे खोल नाही, त्याचे नाव त्यांच्या मार्गातून आपोआप गळणार होते.

हलक्या पायाचा व्यवसाय कसा येतो आणि कसा जातो, याचा कडू अनुभव किंगस्टनने बंदराच्या कुंपणालगतच घेतला होता. १९७६ मध्ये बंदराजवळ मुक्त व्यापार क्षेत्र सुरू करण्यात आले. १९८० च्या दशकात तेथे अमेरिकन बाजारासाठी कपडे शिवण्याचे कारखाने आले. हजारो स्त्रियांना काम मिळाले, जरी मजुरी तुटपुंजी आणि कामगार संघटनांना वाव जवळजवळ नव्हता. १९९४ मध्ये अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांचा व्यापार करार अमलात आला. मेक्सिकोत शिवलेल्या कपड्यांना अमेरिकेत मुक्त प्रवेश मिळू लागला आणि काही वर्षांतच किंगस्टनमधील यंत्रे गुंडाळून नेण्यात आली. गाळे राहिले, कामे गेली. पुढे त्या प्रकारच्या इमारतींत दूरध्वनीवरून परदेशी ग्राहकांना सेवा देणारी कार्यालये आली. २०१६ मध्ये मुक्त क्षेत्रांची जुनी व्यवस्था मोडून विशेष आर्थिक क्षेत्रांचा नवा कायदा करण्यात आला.

किल्ल्या कोणाच्या हाती

टर्मिनल प्राधिकरणाचे होते. मात्र त्याचा दैनंदिन कारभार कोणी पाहावा, याविषयी धोरण वेळोवेळी बदलले. २००० नंतरच्या दशकात काही वर्षे तो मोबदला घेऊन व्यवस्थापन करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय कंपनीकडे होता. अशा व्यवस्थापन करारात यारी विकत घेण्याचे पैसे सरकारचेच, कर्ज सरकारचेच आणि माल घटला तर तोटाही सरकारचाच असतो. व्यवस्थापकाचे शुल्क तेवढे चालू राहते. जमैकाच्या सरकारवरील कर्ज २०१३ च्या सुमारास देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळपास दीडपट झाले होते आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी पाळणे भाग होते. जलमार्ग खोल करणे आणि नव्या याऱ्या बसविणे या कामांसाठी आणखी कर्ज काढणे शक्यच नव्हते. न खणावे तर मोठी जहाजे दुसरीकडे जाणार, अशी ती कोंडी होती.

एप्रिल २०१५ मध्ये सीएमए सीजीएम या फ्रेंच जहाज कंपनीशी संबंधित समूहाबरोबर ३० वर्षांचा करार झाला आणि १ जुलै २०१६ पासून टर्मिनल किंगस्टन फ्रीपोर्ट टर्मिनल या कंपनीच्या ताब्यात गेले. या कराराने मालकी हस्तांतरित झालेली नाही. जमीन व धक्के प्राधिकरणाचेच राहिले. कंपनीने स्वतःच्या पैशाने जलमार्ग खोल करावयाचा, धक्के बळकट करावयाचे, प्राधिकरणाला वार्षिक ठराविक रक्कम व उत्पन्नाचा हिस्सा द्यावयाचा आणि मुदत संपताच सर्व काही परत करावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. जलमार्गाच्या उपशाचे मोठे काम २०१७ मध्ये पार पडले. आपल्याकडे न्हावा शेवा येथे १९९९ मध्ये देशातील पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल चालू झाले, ते याच धर्तीवर. बंदराने जमीनमालक व नियामक म्हणून राहावे आणि धक्क्यावरील व्यवसाय दुसऱ्याने करावा, अशी ही पद्धत आता जगभर रूढ आहे.

बेटाच्या बाबतीत मात्र तिच्यात एक जास्तीची गुंतागुंत आहे. टर्मिनल चालविणारी कंपनी स्वतः जहाजांची मालक असली तर ती आपली जहाजे आपल्याच टर्मिनलला आणते आणि चंचल माल काही प्रमाणात स्थिरावतो. जमैकाने हाच फायदा पाहिला असावा. परंतु त्याच कारणाने तिच्या प्रतिस्पर्धी कंपन्या तेथे माल आणताना हात आखडता घेऊ शकतात. शिवाय जी कंपनी शेजारच्या बेटांकडेही माल नेते, तिच्याशी दराबाबत वाद झाल्यास अठ्ठावीस लाखांच्या देशाच्या सरकारचे वजन किती पडणार, हाही प्रश्न उरतोच. म्हणून करारात कोणत्या गोष्टी दिल्या, यापेक्षा कोणत्या दिल्या नाहीत, ते पाहणे अधिक उद्बोधक ठरते. जहाजांना वाट दाखविणारे नाविक, जलमार्गावरील सत्ता, बंदराची सुरक्षितता, सीमाशुल्क, आणि इतर धक्क्यांना परवाने देण्याचा अधिकार ही सर्व सूत्रे शासनाकडेच आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेजारचा जुना धक्का वेगळ्या हातात आहे.

घरचा माल

हा जुना धक्का म्हणजे किंगस्टन व्हार्व्हज. ही कंपनी जमैकाच्या शेअर बाजारात नोंदलेली असून तिच्यातील मोठे भागधारक देशी उद्योग आहेत. बेटाच्या घरगुती मालाचा मोठा भाग, तसेच मोटारी, लाकूड, पोलाद, धान्य असा कंटेनरात न मावणारा माल तेथे उतरतो. परक्या मालाचे टर्मिनल एका जहाज कंपनीकडे सोपविताना घरच्या मालासाठी दुसरा दरवाजा उघडा होता, हे त्या सरकारचे बळ होते. ज्या बेटावर एकच धक्का आहे, त्याने जमैकाचा करार जसाच्या तसा उचलला तर फसगत होण्याचा संभव आहे.

या धक्क्यावर येणाऱ्या मालात पिंपांना एक वेगळे स्थान आहे. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड येथे कामासाठी गेलेले जमैकन लोक मोठाल्या पिंपांत तांदूळ, डबाबंद अन्न, कपडे, बूट, वह्या भरून घरी पाठवितात. आईवडील परदेशी व मुले आजीकडे, अशा घरांतील मुलांना तेथे ‘पिंपाची मुले’ असेच नाव पडले आहे. नाताळच्या सुमारास वखारींपुढे रांगा लागतात. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेकडे कोकणात ज्या डोळ्यांनी पाहिले जाई, तीच ओढ येथे आहे. बंदराचे प्रशासन सामान्य माणसाला भेटते ते अशा रांगेत. जहाज किती तासांत रिकामे झाले, याचे आकडे त्याला ठाऊक नसतात. एका पिंपासाठी आपल्याला किती खिडक्या फिराव्या लागल्या आणि किती दिवसांची रजा गेली, एवढे त्याला ठाऊक असते. सीमाशुल्क खात्याने गेल्या दशकात आपले कागदपत्र संगणकावर आणले. पाठोपाठ बंदर प्राधिकरणाने जहाज कंपन्या, दलाल, वखारी व शासकीय खाती यांना एकाच संगणकीय व्यवस्थेत जोडण्यास आरंभ केला. यारी विकत घेण्यापेक्षा हे काम कठीण असते, कारण यारी कोणाच्या अधिकाराला धक्का लावीत नाही.

किंगस्टनखेरीज बेटावर अन्य बंदरेही आहेत. बॉक्साइट व ॲल्युमिना यांची निर्यात पोर्ट एस्क्विव्हेल, रॉकी पॉइंट, पोर्ट र्‍होड्स अशा खास धक्क्यांवरून होते. बॉक्साइटची पहिली निर्यात १९५२ मधली. पर्यटक जहाजांसाठी ओचो रिओस, मोंटेगो बे आणि २०११ पासून फाल्मथ येथे धक्के आहेत. फाल्मथचा धक्का जगातील सर्वांत मोठ्या प्रवासी जहाजांसाठी एका जहाज कंपनीच्या भागीदारीत बांधण्यात आला. पर्यटक हजारोंनी उतरतात खरे, पण कुंपणाच्या आतील दुकानांतून ते गावापर्यंत कितपत पोहोचतात, याविषयी गावकऱ्यांची तक्रार आहे, आणि ती निराधार म्हणता येणार नाही.

न बांधलेले बंदर

किंगस्टनच्या पश्चिमेस ओल्ड हार्बर बे हे मच्छीमारांचे मोठे गाव आहे. १० मे १८४५ रोजी भारतातील करारबद्ध मजुरांना घेऊन आलेले पहिले जहाज याच किनाऱ्याला लागले. पुढील सत्तर-बहात्तर वर्षांत सुमारे ३६ हजार भारतीय, त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश व बिहारकडील, जमैकाच्या ऊस व केळ्यांच्या मळ्यांवर आले. त्यांचे वंशज आजही या भागात आहेत आणि १० मे हा दिवस तेथे भारतीय वारशाचा दिवस म्हणून पाळला जातो.

या गावासमोर गोट आयलंड्स नावाची दोन छोटी बेटे आहेत. २०१३ मध्ये सरकारने तेथे चिनी सरकारी बांधकाम कंपनीच्या भांडवलावर एक नवे जहाजबदली बंदर उभारण्याचा विचार जाहीर केला. कालव्याच्या रुंदीकरणाचा लाभ घ्यावा, हजारो रोजगार निर्माण व्हावेत, ही त्यामागील भूमिका. बेकारीने गांजलेल्या देशात तिला पाठिंबा मिळाला, यात नवल नाही. परंतु ही बेटे १९९९ मध्ये संरक्षित म्हणून घोषित झालेल्या पोर्टलँड बाइट क्षेत्रात येतात. तेथील खारफुटी व समुद्री गवत ही मासळीची पाळणाघरे आहेत. शेजारच्या हेलशायर टेकड्यांत जमैकन इग्वाना राहतो. हा मोठा सरडा नामशेष झाला असे मानले जात होते. १९९० मध्ये तो तेथे पुन्हा आढळला आणि त्याला पुढेमागे गोट आयलंड्सवर नेऊन वसवावे, अशी अभ्यासकांची योजना होती.

पर्यावरणवादी संस्था, काही मच्छीमार व वृत्तपत्रे यांनी प्रस्तावाची कागदपत्रे उघड करण्याची मागणी लावून धरली. एका बाजूला केवळ सरड्याचा प्रश्न आहे, असे वादाचे चित्र रंगविले गेले, ते अन्यायाचे होते. खारफुटी तोडून धक्का बांधला तर वादळाच्या लाटेपुढे ओल्ड हार्बर बेची वस्ती उघडी पडणार होती. आणि बंदराच्या हिशेबाने पाहता, किंगस्टनचे टर्मिनल निम्मेशिम्मे परक्याच्या भरवशावर असताना पन्नास किलोमीटरच्या आतच त्याच मालासाठी दुसरे टर्मिनल उभारावे काय, हा साधा व्यवहाराचा प्रश्न होता. सप्टेंबर २०१६ मध्ये पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी हा प्रस्ताव सोडून दिल्याचे जाहीर केले. किंगस्टनचे टर्मिनल नव्या कंपनीच्या ताब्यात जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. बंदरविकासाच्या अहवालांत बांधलेल्या धक्क्यांची लांबी दिलेली असते. न बांधलेल्या बंदराची नोंद त्यांत नसते. जमैकाच्या बाबतीत ती करावयास हवी.

वादळ, गाळ आणि माणसे

जून ते नोव्हेंबर हा कॅरिबियन समुद्रात चक्रीवादळांचा हंगाम. १२ सप्टेंबर १९८८ रोजी गिल्बर्ट वादळ जमैकाच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत सरळ गेले. जुलै २०२४ मध्ये बेरिल दक्षिण किनाऱ्याजवळून गेले. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा हे बेटाच्या इतिहासातील सर्वांत तीव्र वादळ नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळले आणि ब्लॅक रिव्हर हे एके काळचे बंदराचे गाव उद्ध्वस्त झाले. किंगस्टन त्या मानाने बचावले. मदतसामग्री उतरविण्यास मोठे बंदर शाबूत राहिले, हे बेटाचे सुदैव. वादळाची सूचना मिळताच जहाजांना खुल्या समुद्रात पाठविणे, याऱ्या जखडून टाकणे, रिकाम्या पेट्यांची चळत उतरविणे आणि वादळ ओसरल्यावर जलमार्गातील खुणा जागच्या जागी आहेत की नाहीत हे तपासल्याखेरीज पहिले जहाज आत न घेणे, ही शिस्त येथील कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे.

ही माणसे तयार करण्याची सोय बेटावरच आहे. १९८० मध्ये नॉर्वेच्या साहाय्याने पॅलिसेडोजच्या पट्टीवर नाविक प्रशिक्षण संस्था सुरू झाली. २०१७ मध्ये तिचे कॅरिबियन सागरी विद्यापीठात रूपांतर झाले. जहाजावरील अधिकाऱ्यांबरोबरच बंदर व्यवस्थापन, सीमाशुल्क, यंत्रदुरुस्ती यांचे शिक्षण तेथे मिळते. किंगस्टन टर्मिनलच्या कराराची मुदत २०४६ मध्ये संपेल. टर्मिनल परत घेताना यारीची झीज मोजणारे आणि कंपनीचे हिशेब वाचू शकणारे अधिकारी लागतील. आज या संस्थेच्या वर्गात बसलेली मुले तेव्हा पन्नाशीच्या आत असतील.

बंदराच्या पाण्याची अवस्था मात्र चिंतेची राहिली आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरउतारांवरून येणारे पावसाळी नाले, ज्यांना तेथे ‘गली’ म्हणतात, थेट बंदरात उतरतात. त्यांतील सर्वांत मोठी सँडी गली कंटेनर टर्मिनलच्या पलीकडील हंट्स बेमध्ये रिकामी होते. एका मुसळधार पावसात ती शहराचा कचरा, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि डोंगराची माती घेऊन येते. बंदर प्राधिकरणाची हद्द पाण्यापाशी संपते. कचरा उचलण्याचे काम दुसऱ्या संस्थेचे, डोंगरावर घरे बांधू देण्याचे तिसऱ्या. २०२२ पासून काही गलींच्या मुखाशी तरंगते अडथळे बसवून कचरा पाण्यात पसरण्याआधी काढून घेण्यास सुरुवात झाली आहे. देशी उद्योगांनी त्यासाठी पैसा दिला आणि परदेशी संस्थेने तंत्र पुरविले. प्लॅस्टिक या अडथळ्यांशी थांबते. माती त्यांच्या खालून जाते, बंदराच्या तळाशी बसते आणि ठराविक काळाने उपसावी लागते.